पाकिटावरच्या नावासाठी रांग का लागते?

रोहिणी लागली की अकोला-अमरावतीच्या कृषी केंद्रांवर एकच प्रश्न कानावर पडतो, "ते आलं का भाऊ?" ते म्हणजे कोणते, हे कोणी विचारत नाही. दुकानदाराला ठाऊक असते, मागे उभ्या असलेल्या चौघांनाही ठाऊक असते. दुकानाच्या फळ्यांवर पंधरा-वीस कंपन्यांची कपाशीची पाकिटे रचून ठेवलेली असतात. पण कास्तकाराला त्यातले एकच पाहिजे. ते नसेल तर दुसरे घेण्याऐवजी तो रिकाम्या पिशवीने गावी परत जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या एस.टी.ने शहर गाठतो.

मे २०२४ मध्ये अकोल्यात हा प्रश्न थेट रस्त्यावर आला. पारा ४५ अंशांच्या घरात असताना अजित-१५५ या कपाशीच्या वाणासाठी शेतकऱ्यांनी कृषी केंद्रांसमोर रांगा लावल्या. बाजारात कपाशीचे बियाणे नव्हते असे नाही. बियाणे होते, 'ते' बियाणे नव्हते. त्याआधी बारा वर्षे, २०१२ च्या खरिपात, असाच गोंधळ महिको कंपनीच्या वाणांवरून झाला होता. काळाबाजार आणि कृत्रिम टंचाईच्या तक्रारी इतक्या वाढल्या की त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने कंपनीचा बीटी कपाशी बियाणे विक्रीचा परवानाच रद्द केला. म्हणजे दहा-बारा वर्षांत पाकिटावरचे नाव बदलले, रांग मात्र कायम राहिली.

शहरातही अशा रांगा लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या बांद्रा-कुर्ला संकुलात आयफोनच्या नव्या मॉडेलसाठी लोक दुकान उघडण्याच्या कितीतरी आधीपासून उभे होते. त्या रांगेला वर्तमानपत्रांनी हौस म्हटले. कास्तकाराच्या रांगेला मात्र अडाणीपणा म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. हा न्याय बरोबर नाही. फोन नावडला तर माणूस महिन्याभराने विकू शकतो. बियाणे फसले तर अख्खे साल जाते. ज्याचे अख्खे साल पणाला लागले आहे तो एका नावाला का चिकटतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्यानंतरच त्या चिकटण्याचा त्याला किती फायदा आणि किती तोटा, याचा हिशेब मांडता येईल.

सरकी घरची होती तेव्हा

वऱ्हाडात बियाण्याला कंपनीचे नाव लागले ते अलीकडे. त्याआधी देशी कपाशीची सरकी घरची असायची, नाहीतर शेजारगावच्या चांगल्या वावरातून आणलेली. रेचा करून आणलेल्या सरकीतली चांगली बाजूला काढायची, पेरताना शेणमातीत चोळायची आणि तिफणीने पेरायची. पसंती तेव्हाही होती, पण ती माणसाची आणि वावराची असायची. अमक्याची पऱ्हाटी चांगली, म्हणून त्याची सरकी चांगली, इतका सरळ हिशेब होता.

त्या काळी नाव होते ते आपल्या कापसाला. उमरावती म्हणजे अमरावती. तिच्या नावावरून वऱ्हाडचा कापूस मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' या नावाने विकला जाई. गाठ न फोडता नावावर भाव ठरायचा. आणि जिथे नावावर भाव ठरतो तिथे भेसळ आलीच. कापसातली फसवणूक रोखण्यासाठी मुंबई सरकारला १८६३ मध्ये खास कायदा करावा लागला होता. आज बोगस पाकिटांवरून आरडाओरड होते तेव्हा हा जुना दाखला आठवणीत ठेवण्यासारखा आहे. ज्या मालाला नाव नाही त्याची नक्कल कोणी करत नाही.

हे चित्र संकरित बियाण्याने पालटले. गुजरातेत सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये 'एच-४' हा कपाशीचा संकरित वाण दिला. व्यापारी प्रमाणावर घेतलेला जगातला तो पहिला संकरित कापूस मानला जातो. त्याच्या आधी, १९६४ मध्ये, बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिकोची स्थापना केली होती. इकडे अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये उभे राहिले. पुढे विद्यापीठाचे 'पीकेव्ही हायब्रिड-२' आणि नांदेडचे 'एनएचएच-४४' ही नावे गावोगावच्या तोंडी बसली. उत्पन्न वाढले, त्याबरोबर एक गोष्ट हातची गेली. संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पीक सारखे येत नाही, कोणते झाड उंच तर कोणते बुटके. त्यामुळे दर साल पाकीट विकत घेणे आले. घरची सरकी संपली आणि पाकिटावरच्या नावाचे राज्य सुरू झाले.

नांगर, पंप आणि पाकीट

नावावरचा विश्वास सुरुवातीला किती कठीण असतो, याची महाराष्ट्रातली जुनी गोष्ट म्हणजे किर्लोस्करांचा नांगर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. त्याच किर्लोस्करांचे नाव पुढे नांगराला, पंपाला आणि इंजिनाला इतके चिकटले की 'किर्लोस्कर बसवला' एवढे म्हटले तरी गावात पुरायचे. मधे घडले ते इतकेच: एकाच्या वावरात नांगर चालला, शेजाऱ्याने धुऱ्यावरून पाहिला, मोडला तेव्हा त्याचा सुटा भाग मिळाला.

यंत्राच्या बाबतीत नावाला चिकटण्यामागे पक्का व्यवहार असतो. ट्रॅक्टरच्या रंगावरून पारावर भांडणे होतात. लालवाला निळ्याला हसतो, निळेवाला हिरव्याला नावे ठेवतो. ऐकायला गंमत वाटते, पण खोलात गेले तर तिघांचेही म्हणणे एकच असते. माझ्या ट्रॅक्टरचा मिस्त्री तालुक्याला आहे, सामान त्याच दिवशी मिळते आणि उद्या विकायला काढला तर चार गिऱ्हाइके येतात. ही निष्ठा कंपनीपेक्षा मिस्त्रीवर, सुट्या भागांच्या दुकानावर आणि जुन्या गाडीच्या बाजारावर जास्त आहे.

मोबाईलचेही तसेच झाले. नोकियाचा '११००' हा फोन २००३ मध्ये आला. जगभर त्याचे पंचवीस कोटींच्या आसपास नग विकले गेले. आपल्याकडे तो का आवडला? त्याला विजेरी होती, बटणांत धूळ जात नव्हती आणि बॅटरी दिवसेंदिवस टिकायची. शेतीपंपाला रात्रीची लाईन मिळायची त्या दिवसांत विहिरीवर जाणाऱ्या माणसाला फोनमधली विजेरी म्हणजे वरदानच. ज्यांनी नोकिया घेतला ते दुसऱ्या फोनचे नाव काढू देत नसत. पण स्वस्तातला मोठ्या पडद्याचा फोन आला, इंटरनेट आले आणि काही वर्षांत ती निष्ठा ओसरली. २०१४ मध्ये नोकियाचा हँडसेटचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. निष्ठा जेवढी कडवी दिसते तेवढी ती आंधळी नसते, असा याचा अर्थ. काम भागते तोवर माणूस नावाला धरून राहतो.

बियाण्याचे गणित मात्र वेगळे आहे. तोच नांगर, तोच पंप दर वर्षी सारखेच काम करतो. बियाण्याच्या पाकिटावर नाव तेच असले तरी फळ तेच येईल असे नाही. त्यात पाऊस आहे, जमीन आहे, पेरणीची तारीख आहे, अळी आहे. म्हणून यंत्राच्या बाबतीत जी निष्ठा शहाणपणाची ठरते, तीच बियाण्याच्या बाबतीत कधी कधी अंगलट येते.

विश्वास बसतो कसा?

कोरडवाहू कास्तकाराच्या जागी उभे राहून पाहू. जूनमध्ये त्याच्या हातात जे पाकीट येते ते उघडून काही कळत नाही. सगळी सरकी सारखीच, रंग लावलेली. तिचा निकाल दसरा-दिवाळीला लागणार. चूक झाली तर सुधारायची संधी थेट पुढच्या मिरगात. जेमतेम तीस-पस्तीस खरीप एका कास्तकाराच्या वाट्याला येतात. त्यातला एकेक प्रयोगात घालवणे परवडत नाही. मग जे आपण तपासू शकत नाही, त्याच्या जागी तो नाव धरतो. नाव हा एका अर्थाने त्याचा विमाच असतो. "आजपर्यंत दगा नाही देल्ला बापा त्यानं," हे वाक्य प्रेमाचे नाही, भीतीचे आहे.

दुसरी गोष्ट धुऱ्याची. माणूस जाहिरात वाचतो, पण पटते ते शेजाऱ्याचे वावर पाहून. हे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका आला तेव्हा तो शेतकऱ्यांनी कसा स्वीकारला, याचा रायन आणि ग्रॉस या दोघांनी अभ्यास केला होता. तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना कंपनीच्या विक्रेत्याकडून मिळाली, पण निर्णय झाला तो शेजाऱ्यांच्या अनुभवावर. आणि बहुतेकांनी आधी थोड्या जागेत पेरून पाहिले, नंतर वाढवत नेले.

यातला शेवटचा भाग आपल्याकडे गळाला. ग्लेन स्टोन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने तेव्हाच्या आंध्रातील वरंगळ जिल्ह्यात कपाशीच्या शेतकऱ्यांचा काही वर्षे अभ्यास केला आणि २००७ मध्ये तो मांडला. त्याला दिसले ते असे: एका गावात एका वाणाची लाट येते, बाजूच्या गावात तो वाण कोणी विचारत नाही. दोन वर्षांनी लाट ओसरते आणि दुसऱ्या नावाची येते. हेच का, असे विचारले तर शेतीतले कारण सांगता येत नाही, "सगळे घेतात म्हणून" एवढेच उत्तर मिळते. थोड्या जागेत पेरून पाहण्याची रीत जवळपास मोडलेली. बाजारात नावे इतकी आणि ती बदलतात इतक्या लवकर की अनुभव साचायला वेळच मिळत नाही. वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात आज हे वर्णन वाचून दाखवले तर लोक आपल्याच गावाबद्दल लिहिले आहे असे समजतील.

तिसरी गोष्ट उधारीची. नगदी पैसा ज्याच्याजवळ नाही, तो दुकानदाराच्या शब्दाबाहेर सहसा जात नाही. दुकानदार ज्या नावाची भलावण करतो, ते नाव गावात वाढते. भलावण कधी अनुभवाने होते, कधी कंपनीच्या कमिशनने. त्यात कंपन्यांचे मेळावे आले, भिंतीवरच्या जाहिराती आल्या, टोप्या आणि पिशव्या आल्या. नावेही कशी? 'बनी', 'मल्लिका', 'जादू'. कृषी विद्यापीठाच्या आकड्यांच्या नावांपुढे ही नावे चटकन तोंडात बसणारच.

चौथी गोष्ट मनाच्या हिशेबाची. आपल्या आवडीच्या वाणाने चांगले पिकवले की श्रेय वाणाला. नाही पिकले की दोष पावसाला. न आवडणाऱ्या वाणाचे नेमके उलटे. चांगले पिकले तर पाऊस चांगला होता, नाही पिकले तर वाणच खराब. असा हिशेब ठेवला तर एकदा बसलेले नाव हलतच नाही. शेतकरीच असे करतो असे नव्हे. आवडत्या मोटारसायकलीचा, पुढाऱ्याचा आणि डॉक्टरचा हिशेब सगळेच असा ठेवतात.

आणि पाचवी गोष्ट रांगेची. टंचाई हीच सगळ्यात मोठी जाहिरात आहे. ज्याने कधी तो वाण पेरला नाही, तोही रांग पाहून उभा राहतो. इतके लोक उगाच उन्हात उभे राहतील का, असे त्याला वाटते.

पाकिटात सारखे काय, वेगळे काय?

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने बीटी कपाशीला परवानगी दिली. महिकोचे मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ हे तीन वाण बाजारात आले. पाकिटाची किंमत तेव्हा सोळाशे रुपयांच्या घरात होती. २००६ मध्ये राज्य सरकारांनी दबाव आणून ती निम्म्याहून खाली आणली. त्याच वर्षी दोन जनुकांचे 'बीजी-२' आले. बोंडअळीला मारणारे हे जनुक जवळपास सर्व कंपन्यांनी महिको-मोन्सँटो बायोटेक या एकाच कंपनीकडून परवाना घेऊन आपापल्या वाणांत घातले. २०१२ पर्यंत मंजूर बीटी वाणांची संख्या हजाराच्या वर गेली होती.

याचा सरळ अर्थ असा की अळीविरुद्धची जी ताकद एका नावाच्या बीजी-२ पाकिटात आहे, तीच दुसऱ्या नावाच्या पाकिटात आहे. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने कहर केला, तेव्हा हे उघडच झाले. अळीने पाकिटावरचे नाव वाचले नाही. लाडक्या वाणाची बोंडे किडली आणि दुर्लक्षित वाणाचीही किडली. कारण जनुक सगळीकडे तेच आणि अळी त्याला सरावलेली.

मग वाणावाणांत फरकच नाही का? आहे, आणि तो कास्तकाराला चांगला कळतो. कोणत्या वाणाचे बोंड मोठे, म्हणजे वेचणीला सोपे आणि मजूर खुशीने येतो. कोणता वाण लवकर मोकळा होतो, म्हणजे ओल असेल तर हरभरा घेता येतो. कोणाच्या पानावर लव जास्त, म्हणजे तुडतुड्याचा त्रास कमी. कोणता भारी जमिनीत फोफावतो आणि हलक्या जमिनीत मान टाकतो. हे फरक खरे आहेत. पण ते वावरागणिक बदलतात. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात जे चालेल तेच मेळघाटाच्या पायथ्याच्या मुरमाड जमिनीत चालेल, असे कोणतेही पाकीट सांगू शकत नाही. दर्यापूरच्या भावाचा अनुभव बार्शीटाकळीच्या भावाला जसाच्या तसा लागू पडत नाही. नाव मात्र जिल्हाभर एकच फिरते.

नावाच्या हट्टाची किंमत

हट्ट फुकट नसतो. २०२४ मध्ये बीजी-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्राने ८६४ रुपये ठरवली होती, २०२५ मध्ये ती ९०१ रुपये झाली. कंपनी कोणतीही असो, किंमत तीच. पण मागणी एकाच नावावर तुटून पडली की छापील किंमत कागदावर राहते. समजा पाकिटामागे तीनशे रुपये जास्त मोजले. एकरी दोन पाकिटे धरली तर पाच एकराला दहा पाकिटे, म्हणजे तीन हजार रुपये नुसत्या नावाचे. २०२४ मध्ये डीएपीची गोणी १३५० रुपयांना होती. म्हणजे दोन गोण्या खताचे पैसे पेरणीआधीच गेले. आणि ते पैसे बहुतेकांनी कुठून तरी व्याजाने काढलेले.

दुसरी किंमत लिंकिंगची. "ते पाहिजे तर हेही न्या," असे म्हणून न खपणारे खत, टॉनिक किंवा दुसरे बियाणे गळ्यात मारले जाते. ज्याच्या नावाचा आग्रह नाही त्याला हे कोणी सांगू शकत नाही.

तिसरी किंमत बोगस मालाची. नकली पाकीट नेहमी गाजलेल्या नावाचेच निघते. रात्री गावात येऊन, बिल न देता, 'खास तुमच्यासाठी' म्हणून मिळणारे पाकीट याच वाटेने येते.

चौथी किंमत वेळेची. लाडक्या वाणाची वाट पाहण्यात पेरणीयोग्य पावसाचे चार-सहा दिवस गेले, तर त्या वाणात असलेला थोडाफार फायदा उशिरातच वाहून जातो.

नाव नसलेल्या बियाण्यावरही विश्वास बसू शकतो, हेही वऱ्हाडाने पाहिले आहे. तणनाशकाला दाद न देणाऱ्या कपाशीला सरकारची मंजुरी नाही. तरी १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने ती जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचा, अशी त्यांची भूमिका होती. गुजरातेत २००१ मध्ये मंजुरी नसलेल्या 'नवभारत-१५१' ची अशीच लाट आली होती. निंदणाची मजुरी वाचते किंवा अळी मरते, हे डोळ्यांनी दिसले की माणूस कंपनीचे नावही विचारत नाही. पण नाव नाही, बिल नाही, लॉट नंबर नाही. मग उगवण झाली नाही तर दाद कोणाकडे मागायची? विश्वासाची ही सगळ्यात महागडी जात आहे.

सोयाबीनचा वेगळा धडा

याच मातीत निष्ठेचे एक स्वस्त उदाहरणही आहे. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा 'जेएस-३३५' हा सोयाबीनचा वाण वऱ्हाडाने वर्षानुवर्षे सोडला नाही. पण सोयाबीन संकरित नाही. घरचे दाणे पुढच्या वर्षी पेरता येतात. म्हणून तिथली निष्ठा वाणावर राहिली, कंपनीच्या पाकिटावर अडली नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला, त्यात नामांकित पाकिटेही होती. तेव्हा ज्यांनी घरचे बियाणे तपासून पेरले होते ते बरेचसे निभावले. तपासणीही किती साधी! शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्याभराने मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. पाकिटावर कोणाचेही नाव असो, हा निकाल घरच्या घरी लागतो.

करायचे काय?

नावावर विश्वास ठेवू नका, असे कोणी सांगितले तर ते ऐकले जाणार नाही, आणि ऐकूही नये. दर साल नवे पाकीट घेऊन जुगार खेळण्यापेक्षा ओळखीचे नाव बरे. पण त्या विश्वासाला आधार आपल्या वावराचा असावा, रांगेचा नसावा.

त्यासाठी जुनी रीत पुन्हा धरावी लागेल. पाच एकरात एकच नाव न पेरता दोन किंवा तीन पेरावीत. त्यातले एक भरवशाचे, एक नवे. मात्र ती एकाच वावरात, एकाच दिवशी, एकाच खतावर पेरावीत, नाहीतर तुलना फसते. तासांना खुंटी मारून खूण ठेवावी. वेचणीच्या वेळी वाणाप्रमाणे कापूस वेगळा मोजावा आणि एका वहीत तारखेसह लिहून ठेवावा. तीन वर्षांची अशी वही ज्या घरात आहे त्या घराला कोणाच्या भिंतीवरची जाहिरात वाचावी लागणार नाही. गावातल्या दहा जणांनी अशा वह्या ठेवल्या आणि चैत्रात एकदा पारावर बसून वाचल्या, तर गावाचा स्वतःचा निकाल तयार होतो. आयोवाच्या शेतकऱ्यांनी मका असाच, थोड्या तासांवर पाहून निवडला होता.

बियाणे कोणतेही घ्या, पक्की पावती घ्या आणि तिच्यावर लॉट नंबर लिहून घ्या. पाकीट फाडताना लेबल शाबूत राहील असे फाडावे आणि मूठभर सरकीसह हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करावी, पंचनामा होईपर्यंत वावर मोडू नये. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात दिला आहे. पावतीशिवाय मात्र हा हक्क हातात असून नसल्यासारखा.

राहिला प्रश्न सरकारचा. एकाच वाणाचा आग्रह धरू नका, असे आवाहन कृषी खाते दरवर्षी करते. आवाहन बरोबर आहे, वेळ चुकीची आहे. रांग लागल्यावर सांगून कोण ऐकणार? ऐकावे असे वाटत असेल तर मार्चमध्येच सांगायला हवे, आणि नुसते सांगून भागणार नाही, दाखवायला हवे. प्रत्येक मंडळात भारी, मध्यम आणि हलकी अशा तीन जमिनी निवडाव्यात. तिथे बाजारात चालणारे आठ-दहा वाण शेजारी शेजारी पेरावेत, वेचणीच्या दिवशी गावाला बोलवावे आणि वजने सर्वांसमोर फळ्यावर लिहावीत. अकोल्याला विद्यापीठ आहे, महाबीजचे मुख्यालय आहे, दोन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. माणसे आहेत, जमीन आहे. कंपन्यांचे मेळावे त्यांच्या एकाच वाणाचे वावर दाखवतात. सगळे वाण एका धुऱ्यावर दाखवू शकेल अशी यंत्रणा सरकारजवळच आहे. तिचा वापर आतापर्यंत जेवढा व्हायला पाहिजे तेवढा झालेला नाही. येत्या हंगामाआधी दोन्ही जिल्ह्यांच्या कृषी अधीक्षकांनी निदान तालुक्याला एक असे वावर उभे करावे. शेतकरी तिथेही रांग लावून येतील, आणि त्या रांगेतून परत जाताना त्यांच्या हातात स्वतः पाहिलेली वजने असतील.